सहासष्ट नंबरचा रस्ता: महामार्ग कसा ठरतो, कुणाचा असतो आणि का रखडतो

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीच्या फाट्यावर, मुंबई–गोवा महामार्गाच्या कडेला, एक मैलाचा दगड होता. अंग पांढरं, डोकं पिवळं आणि त्या पिवळ्यावर काळ्या रंगात लिहिलेलं ‘रा. म. १७’. शाळा सुटली की एसटीची वाट बघत आम्ही पोरं त्या दगडावर आळीपाळीने बसायचो. चौपदरीकरणात तो दगड उखडला गेला. आता थोडं पुढे नवा बसवलाय, त्यावर ६६ आहे. आकडा बदलला, रस्ता रुंद झाला, पण गणपतीला मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक चाकरमान्याच्या तोंडी पहिला प्रश्न अजून तोच असतो: हायवे पुरा कधी होणार?

आमची साडेतीन गुंठे जमीन या रस्त्यात गेली. तिची फाईल हातात घेऊन मी बरीच वर्षं फिरलो आणि त्या निमित्ताने हा सगळा कारभार मुळापासून समजून घ्यावा लागला. जे कळलं ते इथे मांडतोय. आपल्या दारातून जाणारा रस्ता कुणाचा, त्याचे पैसे कोण देतं, तो कुठे अडतो, हे आपल्याला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

त्या पिवळ्या रंगापासूनच सुरुवात करू. मैलाच्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग. काळं किंवा निळं जिल्ह्याच्या रस्त्यांना, आणि नारिंगी असेल तर प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला गावचा रस्ता. म्हणजे रंग बघूनच खड्ड्याची तक्रार कुणाकडे न्यायची याचा अर्धा उलगडा होतो.

रस्ता ‘राष्ट्रीय’ ठरतो तो रुंदीमुळे नाही. कित्येक राष्ट्रीय महामार्ग आजही दुपदरी आहेत आणि आमचा सतरा नंबर तर वर्षानुवर्षं एवढा अरुंद होता की समोरून ट्रक आला की एसटीचं डावं चाक साईडपट्टीवर उतरायचं. रस्ता राष्ट्रीय होतो तो मालकीने. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढतं आणि त्या दिवसापासून तो रस्ता केंद्राचा होतो. देशात सगळे मिळून साधारण ६३ लाख किलोमीटर रस्ते आहेत. त्यातले राष्ट्रीय महामार्ग सुमारे १ लाख ४६ हजार किलोमीटर, म्हणजे शंभरात दोन-सव्वादोन. पण देशातली जवळजवळ ४० टक्के वाहतूक या एवढ्याशा जाळ्यावरून धावते. शरीरात धमन्या किती थोड्या आणि बारीक केशवाहिन्या किती, तसाच हा हिशोब.

मालक केंद्र असलं तरी काम दोन वेगवेगळ्या हातांनी होतं आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ उडतो. एक हात म्हणजे भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण. त्याचा कायदा १९८८ चा, प्रत्यक्ष कामकाज १९९५ पासून. दुसरा हात म्हणजे राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागातली राष्ट्रीय महामार्ग शाखा, जी केंद्राच्या पैशाने केंद्रासाठी काम करते. आपल्या मुंबई–गोवा महामार्गावर हे दोन्ही हात आहेत. पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यापासून माणगाव तालुक्यातल्या इंदापूरपर्यंतचे ८४ किलोमीटर प्राधिकरणाकडे, आणि इंदापूरपासून सिंधुदुर्गातल्या झारापपर्यंतचे सुमारे ३६६ किलोमीटर बांधकाम विभागाच्या शाखेकडे. झाराप ते पत्रादेवी हा शेवटचा तुकडा त्याआधीच चौपदरी झालेला. म्हणजे खड्डा पेणला असेल तर एक कार्यालय आणि लांज्याला असेल तर दुसरं. गाडीत बसलेल्या माणसाला मात्र रस्ता एकच दिसतो.

सतराचे सहासष्ट का झाले

२०१० साली देशातल्या सगळ्या राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले गेले. जुने क्रमांक जसजसे रस्ते जाहीर होत गेले तसे पडले होते. ४ नंबर कुठे आणि १७ कुठे, यावरून दिशा कळत नव्हती. नव्या पद्धतीत मात्र आकडाच नकाशासारखा वाचता येतो.

उत्तर–दक्षिण जाणाऱ्या मुख्य रस्त्यांना सम आकडे, आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व–पश्चिम जाणाऱ्यांना विषम आकडे, आणि ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. त्यामुळे २ नंबर ईशान्य भारतात सापडतो, ४४ नंबर श्रीनगरहून निघून देशाच्या मधोमध कन्याकुमारीला उतरतो, ७० नंबर थेट राजस्थानच्या सीमेवर जातो. आपण पश्चिम किनाऱ्यावरचे, म्हणून आपल्या वाट्याला ६६ आला. पूर्वीचा सतरा पनवेलहून निघून कोचीजवळ संपायचा, सहासष्ट गोवा, कर्नाटक, केरळ करत कन्याकुमारीपर्यंत जातो. म्हणजे कणकवलीच्या उड्डाणपुलाखाली चहा पिणारा माणूस आणि मंगळूर किंवा कोळिकोडला रस्ता ओलांडणारा माणूस एकाच रस्त्यावर उभे असतात.

तीन आकडी क्रमांक म्हणजे फांद्या. शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूरकडे चढणारा रस्ता १६६, म्हणजे ६६ ची फांदी. त्याच कुळातला १६६ अ वडखळहून अलिबागला जातो, आणि १६६ ई गुहागरहून चिपळूण, कराड करत विजापूरकडे. उरणच्या बंदराकडे जाणारा ३४८ मात्र ४८ च्या घरातला, कारण तो मुंबई–पुणे–कोल्हापूर–बंगळूरच्या बाजूने फुटलेला. एकदा ही किल्ली हाती आली की अनोळखी मुलुखातसुद्धा पाटीवरचा आकडा बघून आपण कुठल्या मोठ्या रस्त्याच्या आसपास आहोत ते कळतं. मी माझ्या भाच्याला हे शिकवलं. तेव्हापासून तो प्रवासात मोबाईल कमी आणि पाट्या जास्त बघतो.

द्रुतगती मार्ग ही वेगळीच गोष्ट

महामार्ग आणि द्रुतगती मार्ग, म्हणजे ज्याला आपण एक्सप्रेसवे म्हणतो, यांत फरक फक्त वेगाचा आहे असं पुष्कळांना वाटतं. खरा फरक दाराचा आहे. महामार्गाला ठिकठिकाणी दारं असतात: आमच्या वाडीचा फाटा, शाळेसमोरचा मिडल कट, म्हणजे दुभाजकातली मोकळी जागा, पेट्रोल पंप, भाजीची पाटी घेऊन बसलेली बाई. द्रुतगती मार्गाला दारं मोजकीच. दोन्ही बाजूंना कुंपण, चढायला-उतरायला ठरावीक इंटरचेंज, मधे कुणीही घुसायचं नाही. रिक्षा, मोटारसायकल, ट्रॅक्टर, बैलगाडी यांना मज्जाव. अडथळा नाही म्हणून वेग. केंद्राने २०१८ साली मोटारींसाठी जाहीर केलेली कमाल मर्यादा द्रुतगती मार्गावर ताशी १२० किलोमीटर आहे, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १००.

देशातला पहिला सहापदरी, प्रवेशनियंत्रित काँक्रीट द्रुतगती मार्ग आपल्याच राज्यात झाला: मुंबई–पुणे, ९४.५ किलोमीटर, २००२ साली पूर्ण खुला. तो बांधला महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने. नागपूर–मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही याच महामंडळाचा, त्याचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. म्हणजे सगळेच मोठे रस्ते केंद्राचे नसतात. केंद्राचा म्हणून जो आपल्या अगदी जवळ येतोय तो दिल्ली–मुंबई द्रुतगती मार्ग, साधारण साडेतेराशे किलोमीटरचा. त्याचं खालचं टोक पालघर, ठाण्यातून उरणच्या बंदराकडे उतरतं.

कोकणाच्या वाट्याला हे सगळं उशिरा का आलं, याचं एक कारण जाळं विणण्याच्या क्रमात आहे. अटलबिहारी वाजपेयींच्या काळात सुवर्ण चतुष्कोन हाती घेतला गेला: दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता या चार महानगरांना जोडणारा ५,८४६ किलोमीटरचा चौपदरी फेरा. मुंबईहून चेन्नईला जाताना हा फेरा किनाऱ्याने आला नाही. तो घाट चढून पुणे, सातारा, कोल्हापूरवरून बंगळूरला गेला. पठारावर जमीन सपाट, नद्यांची पात्रं वरच्या अंगाला लहान, कारखाने तिकडे. हिशोब त्यांच्या जागी बरोबर होता. पण पहिला पैसा, पहिलं लक्ष आणि पहिली यंत्रसामग्री घाटमाथ्यावर गेली, आणि आम्ही पुढची दहा-बारा वर्षं त्याच दुपदरी रस्त्यावर समोरासमोरच्या धडका बघत राहिलो.

चौपदरी करायचं की नाही हे ठरवतात वाहनं मोजून. पण मोजणी नुसती नग मोजण्याची नसते. मोटार म्हणजे एक, ट्रक किंवा बस म्हणजे तीन, मोटारसायकल अर्धी, असं धरून बेरीज करतात. सपाट, फारशी वळणं नसलेल्या जागी दुपदरी रस्ता दिवसाला १५,००० असे एकक नीट पेलतो. तोच रस्ता डोंगरात गेला की क्षमता ७,००० वर येते, वळणं जास्त असतील तर त्याहून कमी. कारण चढावर एक भरलेला ट्रेलर पुढे असला की मागची पन्नास वाहनं त्याच्याच चालीने चालतात. भोस्ते किंवा कशेडी घाटात ज्याने हे भोगलंय त्याला वेगळं सांगायला नको. कशेडीला आता पोलादपूर आणि खेडच्या मधे जुळे बोगदे झालेत. सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा, आणि ज्या घाटाला पाऊण तास जायचा तो दहा-पंधरा मिनिटांत मागे पडतो. आईला पहिल्यांदा त्यातून नेलं तेव्हा बाहेर आल्यावर तिने विचारलं, “घाट गेला कुठे?”

जमीन

आता ज्या विषयात माझे केस पिकले त्याकडे येतो.

चौपदरी महामार्गाला साधारण ४५ ते ६० मीटर रुंदीचा पट्टा लागतो. प्रत्येक मार्गिका साडेतीन मीटरची, म्हणजे चार मार्गिकांचे चौदाच मीटर होतात. उरलेली जागा दुभाजक, साईडपट्टी, गटार, सर्व्हिस रोड आणि डोंगर कापल्यावरचा उतार खातो. ४५ मीटर धरले तरी एका किलोमीटरला साडेचार हेक्टर, म्हणजे अकरा एकर. विदर्भात अकरा एकर म्हणजे एखाद-दोन शेतकरी. कोकणात अकरा एकरात एक अख्खी वाडी, तीन कातळ, दोन पऱ्हे म्हणजे पावसाळी ओढे, एक देवराई आणि दीडशे सातबारे असतात.

कायद्याची वाट तीन टप्प्यांची आहे आणि गावात आता शाळकरी पोरंही ती नावं घेतात: थ्री-ए, थ्री-डी, थ्री-जी. थ्री-ए म्हणजे सरकारने ‘ही जमीन घ्यायचा आमचा इरादा आहे’ असं जाहीर करणं. ते प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांत हरकत नोंदवता येते. हरकतींची सुनावणी झाली की थ्री-डी. ती अधिसूचना निघाली त्या क्षणी जमीन केंद्र सरकारची झाली, मग तुमच्या हातात पैसे आलेले असोत वा नसोत. थ्री-ए नंतर वर्षभरात थ्री-डी निघाली नाही तर मात्र सगळं पहिल्यापासून. शेवटी थ्री-जी, म्हणजे मोबदल्याचा निवाडा. तो करतो सक्षम प्राधिकारी, आपल्याकडे बहुधा प्रांताधिकारी. पटला नाही तर केंद्राने नेमलेल्या लवादाकडे जाता येतं.

मोबदला कसा काढतात? २०१५ पासून २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे निकष महामार्गांनाही लागू आहेत. आधी बाजारभाव ठरतो, रेडीरेकनर आणि आसपासची खरेदीखतं बघून. ग्रामीण भागात त्याला एक ते दोनच्या मधला गुणक लावतात, किती ते राज्य ठरवतं. झाडं, विहीर, घर, गडगा म्हणजे दगडी कुंपण, यांचं मूल्यांकन वेगळं होऊन त्यात मिळवलं जातं. आणि त्या सगळ्या बेरजेवर तेवढीच रक्कम दिलासा म्हणून. कागदावर हे न्याय्य आहे आणि बऱ्याच लोकांना चांगले पैसे मिळालेही.

अडचण वेगळीच असते. आमच्या सातबाऱ्यावर तेवीस नावं होती. पणजोबांच्या नंतर वाटप कधी झालंच नव्हतं, कारण शेत कसणारे दोघे आणि बाकी सगळे मुंबईत. गणपतीला यायचे, आंब्याची पेटी घ्यायचे, कुणाला भांडायची गरज पडली नाही. मोबदला आला तेव्हा कळलं की तेवीसपैकी नऊजण हयात नाहीत, दोघे आखातात आहेत आणि एका आत्याचं नाव लग्नानंतरही माहेरच्याच आडनावाने आहे. वारस तपास, प्रतिज्ञापत्रं, संमतीपत्रं. परळच्या चाळीत, विरारच्या इमारतीत, दिवा इथल्या खोलीत जाऊन मी सह्या गोळा केल्या. एका चुलतभावाने दारातच सांगितलं, “रस्ता झाला की सही देतो.” त्याला समजवायला तीन फेऱ्या लागल्या. या सह्या होईपर्यंत पैसे अडकलेले, घर सोडायला माणसं तयार नाहीत, आणि आमच्या दोन्ही बाजूंना काम पुढे जाऊन मधे तीनशे मीटर जुना रस्ता तसाच. त्या तीनशे मीटरवर डायव्हर्जनची लाल पताका दोन पावसाळे फडफडत होती. लोक म्हणायचे कंत्राटदार झोपलाय. त्या तीनशे मीटरपुरते तरी आम्ही घरचेच जबाबदार होतो आणि हे मी लपवत नाही.

मोजणीदाराने आमच्या पायरीजवळच्या हापूसवर लाल रंगाने आकडा टाकला तो दिवस मला आठवतो. घरातल्या वडीलधाऱ्या तात्यांनी त्या झाडाला हात लावून विचारलं, “याचं वय कसं लिवलंत?” त्याने वही दाखवली. तात्यांनी वय दुरुस्त करायला लावलं, पैशासाठी नव्हे, लावलं ते साल चुकलं होतं म्हणून.

दुसऱ्या एका राज्याचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. याच सहासष्ट नंबरला केरळमध्ये जमीन मिळणं आपल्याहून कठीण, कारण तिथे घराला घर लागून. ४५ मीटर द्यायचे की तीसच, यावर तिथे वर्षानुवर्षं वाद झाला. शेवटी राज्याने भूसंपादनाचा २५ टक्के खर्च स्वतः उचलायचं कबूल केलं आणि गाडं पुढे सरकलं.

पैसा आणि तुकडे

साडेचारशे किलोमीटरचं काम कुणा एकाला देत नाहीत. ते तुकड्यांत वाटतात. इंदापूर ते झाराप या भागाचे दहा टप्पे केले गेले, प्रत्येकाला वेगळा कंत्राटदार, वेगळा करार, वेगळी मुदत. माझ्या मते आपल्या महामार्गाची सगळी कहाणी या एका गोष्टीत आहे. सिंधुदुर्गातले टप्पे लवकर झाले, कणकवली-कुडाळचे लोक काँक्रीटवरून सुसाट जाऊ लागले, आणि त्याच वेळी संगमेश्वरजवळ, माणगावला गाड्यांच्या रांगा. पण मुंबईहून निघालेल्या माणसाला सरासरी मिळत नाही. त्याचा प्रवास सगळ्यात वाईट तुकड्याएवढा लांबतो.

करारही तीन तऱ्हांचे असतात. बीओटी म्हणजे बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा: पैसे कंत्राटदाराने घालायचे आणि टोलमधून वसूल करायचे. ईपीसी म्हणजे सगळे पैसे सरकारचे, कंत्राटदाराने फक्त बांधून द्यायचं. आणि २०१६ पासून आलेलं हॅम, या दोघांच्या मधलं. समजा काम शंभर रुपयांचं आहे. चाळीस रुपये सरकार काम चालू असताना टप्प्याटप्प्याने देतं. उरलेले साठ कंत्राटदाराने कर्ज काढून उभे करायचे आणि रस्ता झाल्यावर सरकार ते पंधरा वर्षांत, सहामाही हप्त्यांनी, व्याजासह फेडतं. हप्ते चालू असेपर्यंत देखभाल कंत्राटदाराकडे, म्हणजे वाईट काम केलं तर त्यालाच महागात पडावं हा हेतू.

पळस्पे–इंदापूर बीओटीवर होता. काम २०११ च्या सुमारास सुरू झालं. जमीन वेळेत हाती आली नाही, कर्नाळा अभयारण्याच्या परवानग्या अडल्या, आणि काम थांबलं की कर्जाचं व्याज थांबत नाही. कंत्राटदार पैशाने खचला की यंत्रं उभी राहतात. मग नोटीस, करार रद्द, नवी निविदा, आणि यात दोन-दोन वर्षं सहज जातात. पुढे इंदापूरच्या खालचे काही टप्पे हॅमवर आणि काही ईपीसीवर दिले गेले. त्यातही जिथे कर्ज उभं राहिलं नाही तिथे तेच झालं. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, न्यायालयाने मुदती मागितल्या, मुदती दिल्या गेल्या, पुन्हा वाढवल्या गेल्या.

त्यात आपलं वर्ष बारा महिन्यांचं नाही. पावसाळ्यात माती दाबता येत नाही आणि काँक्रीटही धडपणे ओतता येत नाही. ऑक्टोबर ते मे हेच कामाचे दिवस. फेब्रुवारीत मिळायची जमीन मे महिन्यात मिळाली, तर उशीर तीन महिन्यांचा नसतो, पुढच्या दिवाळीपर्यंतचा असतो.

पाणी

कोकणातला रस्ता बांधणं म्हणजे खरं तर पाण्याला वाट करून देणं. सह्याद्रीवरून कोकणात उतरणारी प्रत्येक नदी पश्चिमेला समुद्राकडे धावते आणि आपला रस्ता उत्तर–दक्षिण. म्हणजे रस्त्याला प्रत्येक नदी आडवी येणारच: पाताळगंगा, अंबा, कुंडलिका, सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, बाव, काजळी, मुचकुंदी, अर्जुना, गड. आणि या मोठ्या नद्यांच्या मधे नाव नसलेले शेकडो पऱ्हे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तोही चार महिन्यांत.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला. १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल. काळोखात तो गेल्याचं कुणाला दिसलं नाही आणि जयगड–मुंबई व राजापूर–बोरिवली या दोन एसटी बस आणि आणखी वाहनं नदीत गेली. आमच्या भागातली माणसं त्यात होती. त्यानंतर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला. एवढ्या वेगाने काम होऊ शकतं हे त्या पुलाने दाखवलं. जमीन हातात होती, पैसा हातात होता, आणि सगळ्यांचं लक्ष एका जागी होतं.

डोंगर कापताना वेगळा धोका. वर जांभा, खाली काळा कातळ, आणि या दोघांच्या मधे बऱ्याच ठिकाणी मऊ, पांढरट-पिवळी चिकणमाती. जांभा चाळणीसारखा, पाणी खाली सोडतो. ते चिकणमातीवर अडतं, तिला निसरडं करतं, आणि डोंगराचा पायथा आपण रस्त्यासाठी आधीच कापलेला असतो. मग वरचा भाग सरकतो. परशुराम घाटात पावसाळ्यात जे घडत आलंय त्यामागे हे गणित आहे. उतार पुरेसा सपाट ठेवणं, पायऱ्या पाडणं, जाळीत दगड भरून भिंत घालणं आणि सगळ्यात आधी डोंगरमाथ्यावरचं पाणी चर खणून बाजूला वळवणं, हे उपाय जुने आहेत. पण उतार सपाट ठेवायचा तर आणखी जमीन लागते, आणि गोष्ट पुन्हा सातबाऱ्यावर येते.

काँक्रीटबद्दल एवढंच सांगतो, कारण ते मी रोज उभं राहून बघितलंय. डांबरी रस्त्याला पाणी लागलं की खडी सुटते. काँक्रीटची फरशी तशी सुटत नाही, म्हणून आपल्याकडे काँक्रीट. खाली कमी सिमेंटचा कोरडा थर, त्यावर साधारण फूटभर जाडीची फरशी. साडेचार मीटरवर करवतीने काप घेतात, कारण उन्हाने फरशी फुगते, थंडीने आकसते आणि काप नसेल तर ती आपल्या मनाने फुटते. कापाखाली लोखंडी गज असतात, अर्ध्या भागावर प्लॅस्टिकचं आवरण, म्हणजे फरशी सरकेल पण शेजारचीपेक्षा खाली-वर होणार नाही. मग गोणपाट अंथरून त्यावर सतत पाणी. अठ्ठावीस दिवसांनी ताकद मोजतात. भर उन्हात एक ताई रोज पाईप घेऊन ती गोणपाटं भिजवायच्या. झारखंडहून आलेल्या होत्या. आज मी त्या भागावरून जातो तेव्हा एकही भेग नाही. जिथे गोणपाटं कोरडी राहिली तिथे भेगा आहेत.

आमचं गाऱ्हाणं मात्र मोरीचं, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या वाटेचं. आमच्या शेताच्या वरच्या अंगाला पूर्वी दोन साकव होते. नव्या भरावात तिथे एकच मोरी आली, तीही पऱ्ह्याच्या रेषेपासून थोडी सरकवून. पहिल्याच पावसात पाणी भरावाला अडलं आणि आमच्या खाचरात वाळू, खडी, लाल माती घेऊन उतरलं. भाताची लावणी दोन दिवसांपूर्वी झालेली. कागदावर मोरीचा आकार बरोबर होता, पाणलोटाचा हिशोब केलेला होता. पण पऱ्ह्या कुठून वळतो हे बघायला पावसाळ्यात कुणी आलेलं नव्हतं.

टोलचं थोडक्यात. राष्ट्रीय महामार्गावर मोटारसायकलला टोल नाही. दोन नाक्यांमधे एरवी ६० किलोमीटर अंतर असावं असा २००८ चा नियम आहे, आणि नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला खासगी गाडीसाठी सवलतीचा मासिक पास मिळतो. हे नाक्यावर आपणहून कुणी सांगत नाही, आधारकार्ड आणि गाडीचे कागद घेऊन मागावं लागतं. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारीसाठी वार्षिक फास्टॅग पासही आहे, सुरुवातीला ३,००० रुपयांचा, एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते.

आता पुढचे दोन रस्ते ऐकू येतात. एक रेवस ते रेडी सागरी महामार्ग, खाड्यांवरून पूल टाकत किनाऱ्याने जाणारा, राज्याचा. दुसरा रस्ते विकास महामंडळाने आखलेला पनवेल ते सिंधुदुर्ग द्रुतगती मार्ग, चारशे किलोमीटरच्या आसपासचा, सगळा नव्या जमिनीवरून. पहिला बंदरांना आणि मासेमारीच्या गावांना एकमेकांशी जोडेल, त्याला दारंच दारं. दुसरा गावांच्या अंगावरून जाईल पण गावात थांबणार नाही. मोजणीचे लोक आले की रस्ता कुठून जातो हे तर विचाराच, पण तीन प्रश्न आणखी विचारा: चढायचं दार कुठे, गुरं आणि माणसं पलीकडे कशी जाणार, आणि आमचा पऱ्ह्या कुठल्या मोरीतून जाणार. थ्री-ए नंतरच्या २१ दिवसांत हे लेखी दिलं तर त्याची नोंद राहते. आणि त्याआधी घरात बसून सातबाऱ्यावरची नावं दुरुस्त करून घ्या.

आमच्या मोरीचं पुढे काय झालं ते सांगतो. मी १०३३ या महामार्गाच्या मदत क्रमांकावर फोन केला. पहिल्या वेळी “संगमेश्वरच्या पुढे, वडाच्या झाडाजवळ” असं सांगितलं आणि तक्रार हवेत राहिली. मग एका ओव्हरसियरने मला शिकवलं: झाड सांगू नका, चेनेज सांगा. दर किलोमीटरला दगड असतो आणि मधे दर दोनशे मीटरला छोटे दगड, त्यांवर २, ४, ६, ८. किलोमीटरचा आकडा आणि त्यापुढचे मीटर, एवढं दिलं की जागा पक्की होते. अपघात झाला तरी रुग्णवाहिकेला हेच सांगायचं. छत्री घेऊन मी दगडापर्यंत चालत गेलो, आकडे लिहून घेतले आणि पुन्हा फोन केला. चार दिवसांनी जेसीबी आला, मोरीच्या तोंडातला गाळ काढला आणि भरावाच्या कडेने पऱ्ह्याकडे चर खणून दिला. खाचरातली वाळू आम्ही घरच्यांनी पाट्यांनी उपसली. तात्या बांधावर बसून पाणी कुठे वळतंय ते बघत होते.